शेफची टोपी नंतर, आधी गच्ची आणि लॉन सांभाळायला शिका

बारावीचा निकाल लागला की हॉटेल मॅनेजमेंटबद्दल विचारायला येणाऱ्या पालकांचे दोनच प्रश्न असतात. पहिला, "मुलाला शेफ व्हायचंय, परदेशातला कोर्स बघितलाय, कर्ज काढू का?" दुसरा, "एवढं शिकून शेवटी वेटरच व्हायचं ना?" पहिल्या प्रश्नामागे टीव्हीवरच्या स्पर्धा आहेत, दुसऱ्यामागे 'लोक काय म्हणतील' ही भीती. दोन्ही प्रश्नांना माझं उत्तर 'नाही' असंच आहे.

नेहमीचे रस्ते आधी सांगून टाकतो. केंद्रीय संस्थांसाठी एनसीएचएम-जेईई ही प्रवेश परीक्षा आहे. त्यातून दादरची आयएचएम मुंबई, पर्वरीची आयएचएम गोवा अशा संस्थांत प्रवेश मिळतो. राज्याच्या अभ्यासक्रमासाठी सीईटी आहे. ज्यांना लवकर कमावायचं आहे त्यांच्यासाठी कमी मुदतीचे क्राफ्ट कोर्सही आहेत. तारखा आणि फी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहा, एजंटाकडून ऐकू नका.

आता शेफबद्दल. स्वयंपाकाची खरी आवड असेल तर जरूर जा. पण सतरा वर्षांच्या मुलाला दोन-चार केक जमले म्हणून घर गहाण टाकून परदेशी पदवी घेऊ नका. तिथून परत आलेला मुलगाही सुरुवातीला कांदे चिरतो, भांड्यांवर लक्ष ठेवतो, चौदा-चौदा तास उभा राहतो. टीव्हीवर ताट सजवलेलं दिसतं, ही वर्षं दिसत नाहीत. कर्जाचा हप्ता मात्र तेव्हाच सुरू होतो.

याच व्यवसायात एक काम असं आहे, ज्याबद्दल मला कोणी विचारत नाही. गच्चीवरचं रेस्टॉरंट, लग्नाचं लॉन, समुद्रकिनाऱ्यावरचा शॅक, धरणाकाठचे तंबू, कृषी पर्यटन केंद्राचं अंगण, असा उघड्यावरचा भाग रोज पाहुण्यांसाठी सुरक्षितपणे उघडणं आणि तिथल्या माणसांना त्यासाठी तयार करणं. मोठ्या हॉटेलांत हे काम ऑपरेशन्स, बँक्वेट आणि सिक्युरिटी किंवा लॉस प्रिव्हेन्शन या विभागांत वाटलेलं असतं. लहान ठिकाणी ते एकाच मॅनेजरच्या गळ्यात पडतं आणि बहुतेक वेळा त्याला ते कोणी शिकवलेलं नसतं.

शिकवलं नाही तर काय होतं, हे आपण पाहिलं आहे. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री मुंबईत कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबना आग लागली आणि 14 जण गेले. त्यातले अनेक जण स्वच्छतागृहात अडकून धुराने गुदमरले. 6 डिसेंबर 2025 च्या रात्री गोव्यात हडफडे इथल्या नाइटक्लबच्या आगीत 25 जण गेले. त्यात बहुतेक तिथले कर्मचारीच होते. पालकांनो, तिथे कामाला असलेली ही कुणाची तरी मुलं होती. म्हणून कॉलेज निवडताना प्लेसमेंटच्या पॅकेजआधी दोन गोष्टी विचारा: इंडस्ट्रियल ट्रेनिंगला मुलाला जिथे पाठवणार, त्या किचनमधून बाहेर पडायला दारं किती आहेत? शेवटचं मॉकड्रिल कधी झालं? उत्तर देताना कॉलेज गडबडलं, तर त्या कॉलेजबद्दल तुम्हाला पुरेसं कळलं.

हे काम नेमकं कसं असतं? लग्नाच्या लॉनवर संध्याकाळी चार वाजता जा. पाहुणे सातला येणार आहेत. चांगला बँक्वेट मॅनेजर फुलांकडे नंतर बघतो. आधी तो मंडपाच्या कडेने चालत फिरतो. पडद्याचं कापड हॅलोजनला टेकलंय का? वायरचा जोड ओल्या गवतावर नुसती टेप गुंडाळून सोडलाय का? लाइटिंगच्या लाइनला वीजगळती होताच पुरवठा तोडणारी 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का, आणि तिचं टेस्ट बटण दाबल्यावर ती खरंच पडते का? लाइव्ह काउंटरचे सिलिंडर उभे आहेत का, रबरी नळीच्या जोडावर साबणाचं पाणी लावलं तर बुडबुडे येतात का? फायर एक्स्टिंग्विशरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का? मागच्या गेटसमोर जादा खुर्च्यांची थप्पी लावलीय का? ही थप्पी जवळपास प्रत्येक लग्नात लागते आणि गर्दीत माणसं तिथेच अडकतात. गच्ची असेल तर कठड्याला लागून टेबल-खुर्ची नको, कारण लहान मूल त्यावर चढतं. मे महिन्यात वावटळ आली की मोठी छत्री उडून माणसाला लागू शकते, म्हणून आभाळ भरून आलं की छत्र्या आधी मिटायच्या. पावसाळ्यात ताडपत्रीवर साठलेलं पाणी दर तासाला उतरवायचं.

मग पाच वाजता ब्रीफिंग. यात मेन्यू आणि व्हीआयपींची नावं तर सांगायचीच, पण आग लागली तर कोण काय करणार, हेही नावानिशी ठरवायचं. गॅस कोण बंद करणार, मेन स्विच कोण पाडणार, 101 ला फोन कोण करणार, स्वच्छतागृहात कोण जाऊन बघणार, पाहुण्यांना मागच्या गेटने बाहेर कोण काढणार आणि बाहेर आल्यावर आपली माणसं कोण मोजणार. कढईतलं तेल पेटलं तर त्यावर पाणी ओतायचं नाही, कारण पेटतं तेल उसळून अंगावर येतं. आधी गॅस बंद करून झाकण टाकायचं. त्यासाठीचा वेट केमिकल एक्स्टिंग्विशर कुठे आहे, हे प्रत्येकाला बोट दाखवून सांगता आलं पाहिजे. परगावाहून रोजंदारीवर आलेल्या मुलालाही त्याच्या भाषेत हे सांगावं लागतं. ज्याला हे शांतपणे जमतं, त्याला मालक सहजासहजी सोडत नाही.

यासाठी रस्ता फार महागडा नाही. हॉटेल मॅनेजमेंटची पदवी किंवा क्राफ्ट कोर्स करा आणि त्याला सुरक्षेच्या शिक्षणाची जोड द्या. मुंबईत महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमी आहे. नागपूरचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय केंद्रीय गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पार्श्वभूमी असेल तर औद्योगिक सुरक्षेच्या पदविकेसाठी सायनच्या सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूटकडे पाहा. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र तर प्रत्येकाने घ्याच. अन्नसुरक्षेसाठी एफएसएसएआयचं फोस्टॅक प्रशिक्षण आहे. दर 25 अन्न हाताळणाऱ्यांमागे एक प्रशिक्षित पर्यवेक्षक असावा, अशी अपेक्षा आहे. महाराष्ट्रात 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैत लायसन्सधारक एजन्सीकडून घेऊन द्यावं लागतं. ते कागदापुरतं न राहता खरं ठरावं, यासाठी जागेवर जाणकार माणूस लागतो.

गावाकडच्या मुलांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. राज्याचं कृषी पर्यटन धोरण 2020 मध्ये आलं. तारकर्ली, दापोली, पवना परिसरात राहण्या-जेवण्याची सोय करणारी घरं आणि केंद्रं उभी आहेत. उघडी विहीर, शेततळं, शेकोटी, अंधारी पायवाट आणि साप या गोष्टी तुम्हाला शहरातल्या पदवीधरापेक्षा जास्त कळतात. त्या ज्ञानाला प्रशिक्षणाची जोड दिलीत तर स्वतःच्या जमिनीवरही हा व्यवसाय नीट उभा करता येईल.

आता पालकांशी स्पष्ट बोलतो. शेजारच्या मुलाने इंजिनिअरिंग घेतलं म्हणून तुमच्या मुलीला तिथे ढकलू नका. आणि तिला हे क्षेत्र आवडतंय, तर 'वेटर होशील' म्हणून तिला हिणवू नका. ट्रे उचलायला शिकणं ही या व्यवसायाची पहिली पायरी आहे, त्यात लाज वाटावी असं काही नाही. हेही खरं की इथे सणावाराला सुट्टी नसते, रात्री उशीर होतो आणि सुरुवातीचा पगार बेताचा असतो. हे मुलांपासून लपवू नका, पण त्यांच्या वतीने तुम्हीच नकारही देऊन टाकू नका.

फी भरण्याआधी एक संध्याकाळ मोकळी काढा. ओळखीच्या लॉनच्या किंवा हॉटेलच्या मॅनेजरची परवानगी घेऊन मुलाला चार ते आठ त्यांच्यामागे फिरू द्या. तुम्ही सोबत जाऊ नका. परत आल्यावर त्याने तुम्हाला ताटांच्या सजावटीबद्दलच सांगितलं तर अजून थांबा. मागच्या गेटसमोरच्या खुर्च्या कुणी हटवल्या, हे सांगितलं तर अर्ज भरा.