माळ तुटत नाही, मग बांगडी का फोडता?

वारकरी बंधुभगिनींनो, गावात कोणी माळकरी गेला की भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन हजर होते. अंत्ययात्रेला भजन, दहाव्याला नदीकाठी प्रवचन. हे चांगलेच आहे. पण इकडे महाराज देह नाशिवंत म्हणून सांगत असतात आणि तिकडे, कोठे मरणाच्या दिवशी तर कोठे दहाव्याला, त्याच्या कारभारणीला चार बायका धरून बसवितात. कुंकू पुसतात, मंगळसूत्र तोडतात, जोडवी ओढून काढतात, दगडाने बांगड्या फोडतात. काच मनगटात शिरते, रक्त येते. आपण टाळ धरून खाली बघतो. मीही बघितले आहे आणि बोललो नाही.

आता असे पाहा. त्या बाईच्या गळ्यात दोन गोष्टी होत्या: मंगळसूत्र नवऱ्याच्या नावाचे, तुळशीची माळ विठोबाच्या नावाची. माळेला कोणी हात लावीत नाही. ती नवऱ्याबरोबर जात नाही. कीर्तनात बुक्का लावणारा कधी विचारतो का, की बाई, तुझा धनी आहे का? दिंडीत डोईवर तुळस घेऊन चालणाऱ्यांत कितीतरी विधवा असतात. वाटेवर त्या माउली. मग घरी आल्यावर लेकीच्या हळदीला अपशकुनी कशा? मुक्ताबाई, जनाबाई, कान्होपात्रा यांचा अधिकार काही नवऱ्यावरून ठरला नाही.

कोणी म्हणेल, रूढी आहे महाराज. अहो, केशवपनही रूढीच होती. कोवळ्या पोरींना न्हाव्यापुढे बसवीत. ती गेली, धर्म काही बुडाला नाही.

कोल्हापूर जिल्ह्यात, शिरोळ तालुक्यात हेरवाड म्हणून गाव आहे. तेथील ग्रामसभेने ४ मे २०२२ रोजी ठराव करून हे सारे प्रकार बंद केले. राज्य शासनानेही १७ मे २०२२ रोजी परिपत्रक काढून इतर गावांना तोच कित्ता गिरवायला सांगितले. पण कागद दप्तरात राहतो. दहाव्याच्या घाटावर सरपंच असेल-नसेल, आपण असतोच.

तेव्हा प्रवचनाचे बोलावणे आले की तेव्हाच घरच्यांशी बोलावे. सासूला, थोरल्या जावेला आधी भेटावे, कारण हात बहुधा त्यांचे असतात. आणि त्यांतल्या एखादीच्या मनगटावर तसलाच जुना व्रण असतो. काय ठेवायचे, काय उतरवायचे, ते तिचे तिला ठरवू द्यावे. सुतक फिटल्यावर पहिल्या एकादशीच्या कीर्तनाला तिला घरी जाऊन घेऊन यावे आणि सर्वांबरोबर तिच्याही कपाळी बुक्का लावावा.