पडले की पाडले? व्यापारी कागदांतील इंग्रजी क्रियापदे



चंद्रपूर-गडचिरोली भागात लाकूड, बांबू, तेंदूपत्ता यांचा धंदा करणारे, आरामशीन चालविणारे, फर्निचर बनविणारे आणि ट्रकवर पोट असलेले अनेक जण हे पान वाचतात. ही मंडळी हिशेबात पक्की आहेत. ओंडका नुसता पाहून त्यातून किती माल निघेल ते सांगतील. पण इंग्रजी कागद पुढे आला की हीच मंडळी म्हणतात, "सही कुठे करायची तेवढे दाखवा." कागदातील बहुतेक नामे आपल्याला ओळखीची असतात. टेंडर, डिपॉझिट, लोन, परमिट हे शब्द आता घरचेच झाले आहेत. अडते ते क्रियापदापाशी, आणि पैसा कोणाच्या खिशातून जाणार हे क्रियापदच ठरविते.

आमचाच अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका सुतारभाईंच्या शेतातील सागाचे झाड वादळात उन्मळून पडले. ते लाकूड हलविण्यासाठी त्यांना परवानगी हवी होती. अर्ज लिहून देण्याचे काम आम्ही अंगावर घेतले आणि मोठ्या ऐटीत तो इंग्रजीत लिहिला. 'झाड वादळात पडले' असे लिहायचे होते. आम्ही लिहिले, 'आय फेल्ड द ट्री.' अर्ज वाचून कार्यालयातील बाबूंनी सरळ विचारले, "झाड तुम्ही तोडले म्हणता, मग तोडण्याची परवानगी कुठे आहे?" त्यांचे काहीच चुकले नव्हते. महाराष्ट्रात वृक्षतोडीवर नियंत्रण ठेवणारा कायदा १९६४ पासून आहे. सागाचे झाड स्वतःच्या शेतातले असले तरी ते परवानगीवाचून तोडता येत नाही. आम्ही त्या भल्या माणसाच्या नावे गुन्ह्याची कबुलीच लिहून दिली होती! शेवटी पंचनामा झाला, मुळासकट उपटलेला बुंधा पाहिला गेला आणि प्रकरण मिटले. पण तोवर पावसाळा सरला होता आणि लाकूड भिजून काळे पडले होते. त्या भाईंनी आम्हाला एका शब्दानेही दोष दिला नाही. चुटपुट मात्र आजही आहे. त्याच चुटपुटीतून हा धडा लिहीत आहोत.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. राज्य सरकारच्या कार्यालयात अर्ज मराठीतच करावा. राज्याची राजभाषा मराठी आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही. इंग्रजीशी गाठ पडते ती बँक, विमा, जीएसटी, ऑनलाइन लिलावाच्या अटी आणि परराज्यातील खरेदीदारांच्या ऑर्डरींत. तेथे लिहिण्यापेक्षा वाचण्याचे काम अधिक असते. वाचताना क्रियापदावर बोट ठेवावे आणि त्याला पुढील चार प्रश्न विचारावेत.

प्रश्न पहिला : आपोआप झाले की कोणी केले?

मराठीत आपण पडणे आणि पाडणे, वाढणे आणि वाढविणे यांत कधी गल्लत करीत नाही. इंग्रजीतही अशाच जोड्या आहेत.

'फॉल' म्हणजे पडणे. त्याचा भूतकाळ 'फेल', स्पेलिंग एफ-ई-एल-एल. आता गंमत पाहा. याच स्पेलिंगचे दुसरे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ झाड पाडणे, तोडणे, आणि त्याचा भूतकाळ 'फेल्ड'. म्हणून 'द ट्री फेल' म्हणजे झाड पडले आणि 'वी फेल्ड द ट्री' म्हणजे आम्ही झाड पाडले. वनखात्याच्या कागदांतील 'फेलिंग' हा शब्द या दुसऱ्या क्रियापदापासून आला आहे. परीक्षेत नापास होणे या अर्थाचे 'फेल' मात्र वेगळे, त्याचे स्पेलिंग एफ-ए-आय-एल.

'राइज' म्हणजे वाढणे, 'रेज' म्हणजे वाढविणे. 'द प्राइस ऑफ टीक हॅज रिझन' म्हणजे सागाचा भाव वाढला, बाजाराने वाढविला. 'वी हॅव रेज्ड द प्राइस' म्हणजे भाव आम्ही वाढविला. खरेदीदाराला कारण सांगताना दुसरे वाक्य लिहिले, तर ठरलेला भाव तुम्हीच मोडला असे तो समजेल. बिल काढण्यालाही 'रेज अ बिल' म्हणतात, कारण बिल कोणीतरी काढावे लागते.

'लाय' म्हणजे पडून असणे, 'ले' म्हणजे ठेवणे किंवा अंथरणे. 'द लॉग्ज आर लाइंग इन द डेपो' म्हणजे ओंडके डेपोत पडून आहेत. येथेही फॉल-फेलसारखाच फास आहे. 'लाय'चा भूतकाळ 'ले' असा होतो, तर 'ले'चा भूतकाळ 'लेड'.

काही ठिकाणी मात्र इंग्रजीपेक्षा मराठी अधिक नेमकी आहे. जळणे आणि जाळणे या दोन्हींसाठी इंग्रजीत 'बर्न' हे एकच क्रियापद चालते. विम्याच्या अर्जात 'वी बर्न्ड द स्टॉक' असे लिहिले तर माल आम्ही जाळला असा अर्थ होईल. तेथे 'द स्टॉक कॉट फायर', मालाला आग लागली, असे लिहावे.

प्रश्न दुसरा : वस्तू कोणाकडून कोणाकडे गेली?

'लेंड' म्हणजे उसने देणे, 'बॉरो' म्हणजे उसने घेणे. 'आय लेंट हिम टेन थाउजंड' म्हणजे मी त्याला दहा हजार दिले. 'आय बॉरोड टेन थाउजंड फ्रॉम हिम' म्हणजे मी त्याच्याकडून दहा हजार घेतले. कर्जाचा व्यवहार लिहून ठेवावा ही शिकवण आपल्या घरात नवी नाही. पण लिहिताना हेच दोन शब्द उलटे पडले, तर देणेकरी तो आणि सावकार आपण की याच्या उलट, असा प्रश्न उभा राहील.

भाड्याचेही असेच आहे. ट्रक भाड्याने घेणे म्हणजे 'हायर', गोदाम भाड्याने देणे म्हणजे 'लेट'. 'रेंट' हे क्रियापद मात्र दोन्हींकडे चालते आणि म्हणूनच धोक्याचे आहे. करारात ते आले तर पुढचा शब्द पाहावा. 'रेंट फ्रॉम' असेल तर घेतले, 'रेंट टु' असेल तर दिले.

प्रश्न तिसरा : ही पहिली पायरी की शेवटची?

आपले अधिक नुकसान याच प्रश्नावर होते. बोलण्यात आपण दोन वेगवेगळ्या पायऱ्यांना एकच शब्द वापरतो.

'रिसीव्ह' म्हणजे माल हाती येणे. 'अ‍ॅक्सेप्ट' म्हणजे पाहून, पारखून तो पत्करणे. १९३० च्या माल विक्री कायद्यातही या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. न पाहता घेतलेला माल ऑर्डरप्रमाणे आहे की नाही हे तपासण्याची वाजवी संधी खरेदीदाराला मिळते. म्हणून ट्रक रात्री आला आणि माल मोजला-तपासला नसेल, तर चलानावर 'रिसीव्ड' एवढेच लिहावे. 'अ‍ॅक्सेप्टेड' किंवा 'रिसीव्ड इन गुड कंडिशन' असा शिक्का असेल तर सही करण्याआधी थांबावे. पण माल घेऊन गप्पही बसू नये. वाजवी मुदतीत तक्रार कळविली नाही, तर माल पत्करला असेच कायदा धरतो. फळ्या चिरून दरवाजे बनविल्यावर लाकूड नापसंत आहे असे म्हणता येत नाही.

'सँक्शन' म्हणजे कर्ज मंजूर करणे, 'डिसबर्स' म्हणजे ते प्रत्यक्ष देणे. २०२३ साली केंद्र सरकारने सुतार, लोहार, गवंडी, शिंपी अशा १८ पारंपरिक व्यवसायांसाठी पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यात कारागिराला पाच टक्के व्याजाने आधी एक लाख आणि नंतर दोन लाख रुपयांपर्यंत कर्जाची तरतूद आहे. अशा कोणत्याही कर्जाच्या पत्रात 'सँक्शन्ड' दिसले म्हणून लगेच मशीनचा सौदा करून बयाणा देऊ नये. मंजुरीपत्रात पुढे अटी असतात. त्या पुऱ्या झाल्यावर 'डिसबर्स्ड' होते आणि पैसा तेव्हाच खात्यात दिसतो.

'सीझ' म्हणजे ताब्यात घेणे, जप्त करणे. 'कन्फिस्केट' म्हणजे सरकारजमा करणे. बोलताना आपण दोन्हींना 'गाडी जप्त झाली' असेच म्हणतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात मात्र सीझ करण्याचे कलम ५२ आहे आणि कन्फिस्केशनचे कलम ५५ वेगळे आहे. गाडी सीझ झाली म्हणजे मालकी गेली असे नाही, बाजू मांडायला वाव असतो. नोटिशीत कोणते क्रियापद आहे ते पाहून त्याच दिवशी वकील गाठावा. घाबरून घरी बसणाऱ्याची मुदत टळते आणि पहिल्या पायरीची शेवटची पायरी होते.

प्रश्न चौथा : बंधन आहे की मुभा?

टेंडर आणि लिलावाच्या अटींत 'शॅल' आणि 'मे' हे दोन छोटे शब्द जागोजागी येतात. शाळेत 'शॅल' म्हणजे भविष्यकाळ असे शिकविले होते. करारात त्याचा अर्थ साधारणपणे 'केलेच पाहिजे' असा असतो. 'मे' म्हणजे करता येईल, त्याची मर्जी.

समजा एक अट अशी आहे : 'द बायर शॅल लिफ्ट द मटेरियल विदिन थर्टी डेज.' म्हणजे खरेदीदाराने तीस दिवसांत माल उचललाच पाहिजे. पुढची अट : 'द ऑफिसर मे एक्स्टेंड द पिरियड.' म्हणजे अधिकारी मुदत वाढवू शकतील, पण वाढवतीलच असे नाही. आपण दुसऱ्या वाक्याच्या भरवशावर राहतो आणि पहिल्या वाक्यात अडकतो. तिसरे वाक्य असेल, 'द डिपॉझिट शॅल बी फॉरफिटेड', तर अनामत बुडणार हे ठरलेलेच. 'फॉरफिट' आणि 'रिफंड' या दोन क्रियापदांखाली लाल रेघ ओढूनच कागद वाचावा. रिफंड म्हणजे रक्कम परत, फॉरफिट म्हणजे रक्कम गेली.

सराव

पुढील वाक्यांत योग्य क्रियापद निवडा. आधी उत्तर वहीत लिहा, मगच खाली पाहा.

१. बांबूचा भाव वाढला. (राइज की रेज?)
२. आम्ही हंगामासाठी ट्रक भाड्याने घेतला. (हायर की लेट?)
३. माल आला, अजून तपासला नाही. (रिसीव्ह की अ‍ॅक्सेप्ट?)
४. बँकेने रक्कम खात्यात जमा केली. (सँक्शन की डिसबर्स?)
५. वादळात झाड पडले. ('फेल' की 'फेल्ड'?)

उत्तरे : १. राइज. २. हायर. ३. रिसीव्ह. ४. डिसबर्स. ५. फेल.

पाचही बरोबर आली असतील तर हा धडा आपल्या दुकानातील पोराला शिकवा. कागद पुष्कळदा त्याच्याच हाती पडतो. एखादे चुकले असेल तर वाईट वाटून घेऊ नका. पाचव्या प्रश्नाचे उत्तर आम्हीही एकदा चुकलो होतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली. ज्या क्रियापदाचा अर्थ ठाऊक नाही त्याखाली सही करू नये, एवढे जरी या धड्यातून लक्षात राहिले तरी आम्हाला समाधान आहे.