स्टेटस, फ्लेक्स आणि दोन गुलाबराव

धरणगावात माझं फ्लेक्स-डिझाइनचं दुकान आहे. एकाच पक्षाचं होऊन इथे पोट भरत नाही. त्यामुळे 2024 च्या दोन्ही निवडणुकांत एकमेकांचं तोंड न बघणाऱ्यांची पोस्टरं आणि रील माझ्या एकाच कम्प्युटरवर शेजारी नांदली. लोक मला तटस्थ म्हणतात. उधारी सगळ्यांकडेच अडकली की माणूस आपोआप तटस्थ होतो. तर, त्या दिवसांत जे उमगलं ते हे.

1. पोस्टर मतदारासाठी नसतंच. कार्यकर्ता दुकानात येतो, घोषणेकडे ढुंकूनही बघत नाही. स्क्रीनवर बोट ठेवून फोटो तपासतो. वरच्या ओळीत कोण, आपले भाऊ तालुकाप्रमुखापेक्षा बारीक तर दिसत नाहीत ना, आणि स्वतःचा गॉगलवाला फोटो कुठे बसतोय. उमेदवार बिचारा मधे अंग चोरून उभा. मग ते स्टेटसला लागतं आणि रात्री पहिली चौकशी ही की 'साहेबांनी बघितलं का?' स्टेटस म्हणजे हजेरीपट. पक्षाला वाटतं, सोशल मीडियावर हवा केली. ती हवा बहुतेक आपल्याच माणसांना घातलेली असते.

2. माझ्या जुन्या फायली कोणत्याही विरोधी पक्षापेक्षा धोकादायक आहेत. एप्रिल 2024 मध्ये खासदार उन्मेष पाटील भाजप सोडून उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेत गेले. त्यांच्यासोबत पारोळ्याचे करण पवारही गेले आणि जळगाव लोकसभेचे उमेदवार झाले. समोर भाजपच्या स्मिता वाघ, आणि जिंकल्याही त्याच. पण आदल्या महिन्यापर्यंत एकाच पोस्टरवर हसणारी माणसं आता एकमेकांवर काय लिहिणार? टीकेची पोस्ट पडली की खाली कोणीतरी जुना एकत्र फोटो चिकटवतो. तो शोधायलाही लागत नाही, फेसबुक स्वतःच 'आठवणी' म्हणून वर काढून देतं. आजकाल गिऱ्हाइकाला विचारतो, दादा, हे पोस्टर किती दिवस टिकवायचंय?

3. नावावर घोषणा रचू नये, निदान आमच्याकडे तरी. विधानसभेला आमच्या जळगाव ग्रामीणमध्ये धनुष्यबाणावर गुलाबराव पाटील आणि तुतारीवर गुलाबराव देवकर. 'गुलाबरावच येणार' असं छापलं तर दोन्हीकडचे खूश, पैसे कोणाकडून घ्यायचे तेवढा प्रश्न.

4. व्हिडिओ गाजणं आणि मत पडणं यांचं नातं मला अजून उलगडलेलं नाही. डिसेंबर 2021 मध्ये बोदवडच्या प्रचारात मंत्री गुलाबराव पाटलांनी आपल्या मतदारसंघातल्या रस्त्यांना हेमा मालिनींच्या गालांची उपमा दिली. काही सेकंदांची ती क्लिप देशभर फिरली, महिला आयोगाने दटावलं, मंत्र्यांना माफी मागावी लागली. हा माणूस आता संपला, असं त्या आठवड्यात माझ्या दुकानात चहा पिणाऱ्या प्रत्येकाचं मत होतं. 2024 ला ते पुन्हा निवडून आले. उलटं उदाहरण राज ठाकरेंचं. 2019 च्या लोकसभेला 'लाव रे तो व्हिडिओ' म्हणत त्यांनी भाजपच्या जाहिरातीतली माणसंच सभेत उभी केली. प्रचाराचं इतकं नेमकं काम मी आजवर पाहिलेलं नाही. स्वतःचा एकही उमेदवार नव्हता, तरी मोबाईलवर सगळीकडे तेच. निकाल काय? 48 पैकी 41 जागा भाजप-शिवसेनेला.

5. सगळ्यात जड जाते ती एका ओळीची कमेंट. ड्रोनचे शॉट, मागे ढोल, स्लो मोशनमध्ये गाडीतून उतरणारे नेते, असं सगळं जमवून रील टाकावं आणि खाली कोणीतरी अहिराणीत लिहावं, 'पानी कव्हय येई?' पाणीपुरवठा खातं आमच्याच आमदाराकडे, म्हणजे गुलाबराव पाटलांकडे, आणि धरणगावच्या टंचाईच्या बातम्या पेपरात, यावर कुठल्याही आयटी सेलला उत्तर सापडलेलं मी पाहिलं नाही. कमेंट उडवली की दुसरा लिहितो. कमेंट बंद केल्या की लोक म्हणतात, नळासारख्या याही बंद.

6. इथवर हसत सांगितलं, पण फॉरवर्डची भीती खान्देशाला शिकवावी लागू नये. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सॲपवरच्या अफवेतून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. देशभर अशा घटना घडत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. पक्षांनी त्यावर काढलेला तोडगा सोपा होता, ग्रुपच वाढवले. माझ्याकडे येणारं प्रत्येक पोरगं चार-दोन ग्रुपचं ॲडमिन असतं. पुढे पाठवण्याआधी हे खरं का, असं विचारणारं अजून आलेलं नाही.

7. जाहीर प्रचार संपला की सभा थांबतात, मोबाईल थांबत नाही. 20 नोव्हेंबर 2024 च्या मतदानाच्या आदल्या रात्री सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या नावाने बिटकॉइनच्या व्यवहाराच्या क्लिप आल्या. भाजपने त्या उचलून धरल्या. सुळेंनी आवाज आपला नाही म्हणत तक्रार केली. तथ्य तपासणाऱ्यांना त्या आवाजांत कृत्रिम बुद्धिमत्तेची करामत दिसली. बनावट मजकूर निदर्शनाला आल्यावर पक्षांनी तीन तासांत काढावा, असं निवडणूक आयोगाने त्याच वर्षी मे महिन्यात बजावलं होतं. पण रात्री आलेली क्लिप सकाळी सातच्या मतदानाआधी खोटी ठरवायला कोणाला सवड असते? तेव्हा एवढंच करा. मतदानाच्या आदल्या रात्री आलेली क्लिप, ती मी बनवलेली असली तरी, मत देऊन आल्यावर ऐका.