काशाचा सिंह

इटली देशात आर्नो व टायबर या नद्यांच्या दरम्यान प्राचीन काळी एट्रुस्कन नावाचे लोक राहत असत. रोम अजून लहान होते, तेव्हाच यांची नगरे वैभवास पोचली होती. त्यांच्या डोंगरांत तांबे सापडे. त्यात कथील मिसळून ते कासे तयार करीत आणि त्याचे आरसे, दीपवृक्ष, भांडी व मूर्ती घडवीत. त्यांच्या या कारागिरीची ग्रीकांनीही वाखाणणी केली आहे.

१५५३ साली अरेत्सो नगराच्या तटबंदीचे काम चालू असता जमिनीतून काशाचा एक विलक्षण पशू निघाला. शरीर सिंहाचे, पाठीतून वर आलेले मस्तक बकऱ्याचे! ग्रीक पुराणकथेतील किमेरा तो हाच. त्याची शेपटी सर्पाची असे. येथे मात्र ती तुटलेली होती. आज दिसणारी शेपटी अठराव्या शतकात बसविलेली आहे. हा पशू जखमी आहे. तरीही जबडा पसरून तो शत्रूवर गुरकावीत आहे.

अशी मूर्ती कशी घडवीत? मातीच्या गाभ्यावर मेणाचा थर देऊन कारागीर त्यात आकृती कोरी. तीवर मातीचा लेप चढवून ती तापविली की मेण वितळून वाहून जाई. त्या पोकळीत काशाचा रस ओतीत. रस थंड झाल्यावर वरची माती फोडावी लागे. म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती निघे.

सिंहाच्या पुढल्या उजव्या पायावर काही अक्षरे आहेत. ही मूर्ती तिनिया देवाला अर्पण केली आहे, असा त्यांचा आशय. ती अक्षरे ओतकामापूर्वी मेणातच कोरलेली होती. म्हणजे मूर्ती घडण्याआधीच दानाचा संकल्प झाला होता. एट्रुस्कनांची लिपी ग्रीक लिपीवरून आलेली असल्यामुळे वाचता येते. परंतु त्यांचे ग्रंथ नष्ट झाले, भाषा मावळली आणि तिच्यातील कित्येक शब्दांचा अर्थ आज लागत नाही.

काशाला एक मोठे भय असते. ते पुन्हा वितळविता येते. इ. स. पूर्व २६४ मध्ये रोमनांनी वोल्सिनी नगर जिंकले, ते तेथील २००० पुतळ्यांच्या लोभाने, असा आरोप प्लिनी या रोमन ग्रंथकाराने नोंदविला आहे. ते पुतळे आज कोठे आहेत?

उलट, २०२२ साली सान कास्चानो येथील उष्ण झऱ्याच्या चिखलातून २० हून अधिक काशाचे पुतळे निघाले. आरोग्यासाठी भाविकांनी ते देवास वाहिले होते. त्यांवर एट्रुस्कन व लॅटिन अशा दोन्ही भाषांतील लेख आहेत. माणसांनी जे आपल्यापाशी राखले, त्यातील बहुतेक वितळले. जे भूमीच्या व जलाच्या स्वाधीन केले, ते उरले. ग्रंथ हरपलेल्या त्या लोकांची ओळख आज आपल्याला होते, ती पुष्कळशी या दानांमुळेच.

स्वाध्याय
१. एका साच्यातून एकच मूर्ती का निघत असे?
२. 'मूर्ती घडण्याआधीच दानाचा संकल्प झाला होता', हे कशावरून समजते?
३. काशाच्या वस्तूंना कोणते भय असते?