तानपुरा, पेटी, तबला : घरी आणायला खरोखर किती लागतात?

गाणं शिकायला लागून वर्ष झालं, गुरुजी म्हणाले, 'आता घरी वाद्य पाहिजे.' इथून पुढे बहुतेक लोक चुकीच्या क्रमाने जातात. आधी दुकान, मग वाद्य, मग भाव आणि सगळ्यात शेवटी आवाज. तुम्ही उलटे चला. तुमची पट्टी कोणती, रोज किती वेळ वाजवणार, घरात ठेवायला जागा कुठे, या तीन प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा आणि मगच घराबाहेर पडा. खाली दिलेले भाव पुण्या-मुंबईत आणि मिरजेत साधारणपणे सांगितले जाणारे आहेत. दुकानागणिक आणि हंगामागणिक ते वरखाली होतात. एक नियम मात्र सगळीकडे लागू आहे. वाद्यासाठी जेवढे पैसे काढले असतील, त्यातला पाचवा हिस्सा जवारी (तारा टेकतात ती घोडी घासून आवाज जुळवणं), तारा, ट्युनिंग, कव्हर आणि वाहतुकीसाठी बाजूला ठेवा. आवाज जुळतो तो या पाचव्या हिश्श्यातून.

तानपुऱ्यापासून सुरुवात करू, कारण फसवणूक सर्वांत जास्त इथेच होते. तानपुरा घ्यायचा तर मिरजेला जा. पुण्याहून कोल्हापूरकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्या मिरज जंक्शनला थांबतात, मुंबईहून महालक्ष्मी आणि कोयना आहेत. स्टेशनवरून रिक्षावाल्याला 'सतारमेकर गल्ली' सांगितलं की पुरे. सकाळी पोहोचलात तर संध्याकाळपर्यंत चार-पाच कारखाने बघून होतात. मात्र आधी फोन करा. 'तयार माल आहे का, माझ्या पट्टीत जवारी काढून ठेवाल का' हे विचारून गेलात तर एक फेरी वाचते. मागणी देऊन करून घ्यायचा असेल तर महिना ते तीन महिने धरा. पावसाळ्यात हा काळ लांबतो, कारण लाकूड, सरस आणि पॉलिश वाळायला वेळ लागतो.

दुकानदार 'लेडीज' की 'जेन्ट्स' असं विचारेल. त्यावर घाईने उत्तर देऊ नका, पट्टी सांगा. काळी एक ते पांढरी दोन असेल तर मोठा, लांब दांडीचा तानपुरा. काळी चार-पाच असेल तर लहान. मोठ्या तानपुऱ्यावर काळी पाच चढवली तर तारा तुटतात. लहान तानपुरा काळी एकला उतरवला तर तारा ढिल्या पडून नुसत्या फडफडतात. पट्टी पक्की ठरली नसेल तर अजून दोन-तीन महिने थांबा. गुरुजींचा तानपुरा आणि फोनवरचं ॲप तोवर पुरतं.

भाव : लहान तानपुरा साधारण १८ ते ३० हजार, मोठा २२ ते ४० हजार. कोरीवकाम, जडावकाम असेल तर यावर कितीही. नक्षीचा आवाजाशी काहीही संबंध नाही. तेच पैसे जुन्या, चांगल्या वाळलेल्या लाकडावर आणि भोपळ्यावर घाला. फ्लॅट लहान असेल किंवा प्रवास फार असेल, तर भोपळा नसलेला चपटा पेटीसारखा छोटा तानपुरा साधारण ७ ते १२ हजारांत मिळतो. त्याचा खर्ज भरदार नसतो, पण रियाजाला तो पुरतो आणि लोकलमध्ये नेता येतो.

आता आवाजाची परीक्षा, आणि इथे अजिबात घाई नको. तानपुरा तुमच्या पट्टीत लावायला सांगा आणि तो स्वतः मांडीवर किंवा उभा धरून बसा. दुकानदाराने समोर बसून वाजवलेला आवाज तुमच्या कामाचा नाही. तुम्हाला कानाजवळ ऐकायचा आहे. आधी एकट्या खर्जाची तार छेडा आणि ती पूर्ण विझेपर्यंत गप्प राहा. आवाज एकदम उसळून लगेच बसला तर जवारी वरवरची आहे. चांगल्या जवारीत आवाज छेडल्यावर हळूहळू फुलतो, मग बराच वेळ टिकतो आणि विझता विझता त्यातून गंधार स्वच्छ कानावर येतो. मग दोन्ही जोडाच्या तारा छेडा. दोघींचा रंग एकसारखा हवा. एक खणखणीत आणि दुसरी बोदी असेल तर घोडी नीट घासलेली नाही. शेवटी घोडी आणि तार यांच्यामध्ये असलेला सुताचा दोरा किंचित पुढे-मागे सरकवून बघा. केसभर सरकवल्यावर आवाज बदलला आणि एका जागी तो नेमका जुळून आला, तर जवारी जिवंत आहे. कुठेही सरकवा, आवाज तसाच, म्हणजे काम नव्याने करावं लागेल. ते तिथेच, पैसे देण्याआधी करून घ्या. पंचमाची तार मध्यमात उतरवूनही ऐका. मालकंसापर्यंत पोहोचलात की ते लागणारच.

बाकीची तपासणी पाच मिनिटांची. दांडी डोळ्यासमोर आडवी धरून तिच्यावरून नजर टाका, ती सरळ हवी. खुंटी पिळल्यावर घट्ट फिरावी आणि सोडल्यावर जागच्या जागी थांबावी. दांडी आणि भोपळा जिथे जोडतात त्या गळ्यावर बोट फिरवा, पॉलिशखाली भेग लपवतात. भोपळ्यावर बोटाने टिचकी मारा. जिथे बद्द आवाज येतो तिथे आतून डागडुजी केलेली असते.

घोडीबद्दल एक स्पष्ट सूचना. 'सांबरशिंगाची आहे, म्हणून महाग' असं कोणी सांगितलं तर वाद्य खाली ठेवा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मुळे सांबराच्या शिंगाच्या वस्तूंची खरेदी-विक्री गुन्हा ठरते. तुम्ही परदेशात राहत असाल तर विमानतळावर वाद्य जप्तही होऊ शकतं. शिसवी किंवा कृत्रिम घोडी मागा. आवाजात कुठे कमी पडत नाही.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते चांगलंच झालं, पण तुमच्यासाठी त्याचा अर्थ मर्यादित आहे. वाद्य कुठे बनलं हे मानांकन सांगतं. ते तुमच्या पट्टीत कसं वाजेल हे सांगत नाही. पुण्या-मुंबईच्या दुकानात 'मिरजेचा तानपुरा' म्हणून हजारोंनी भाव चढवला असेल तर मानांकनाचं लेबल आणि कारागिराचं नाव बिलावर मागा. टाळाटाळ झाली तर दुसरं दुकान.

आता छुपा खर्च. कापडी कव्हर हजार-दीड हजार, फायबरची पेटी ५ ते ९ हजार. तारांचा जादा संच दोन-तीनशे. तो घ्याच, कारण तार तुटते ती नेहमी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी. जवारी काढायला ७०० ते २,००० रुपये, कारागीर घरी येणार असेल तर येण्याजाण्याचं वेगळं. रोज वाजत असेल तर वर्ष-दीड वर्षात जवारी पुन्हा काढावी लागते. आणि वाहतूक. वाद्य ट्रान्सपोर्टने पाठवू नका, स्वतः घेऊन या. पाठवायचंच असेल तर तारा ढिल्या करून, घोडीखाली कापड घालून, लाकडी खोक्यात. बिल्टीवर वाद्याची पूर्ण किंमत लिहून घ्या आणि खोकं घेताना तिथेच उघडून फोटो काढा. पोहोच पावतीवर सही केल्यानंतर निघालेल्या भेगेची जबाबदारी कोणी घेत नाही.

पेटीकडे वळू. तिच्याबद्दल थोडक्यात सांगता येतं, कारण पेटी खोटं बोलू शकत नाही. दोन ओळींच्या सुरांची, शिकणाऱ्याची चांगली पेटी १२ ते २० हजारांत येते. पालिताण्याचे सूर, तीन ओळी, कपलर असं चढत गेलात की २५ ते ४० हजार. स्केलचेंजर त्यावर. एकट्यानं गाण्याच्या साथीला वाजवणार असाल आणि पट्टी ठरलेली असेल, तर स्केलचेंजर घेऊ नका. वजन वाढतं, दुरुस्ती महाग पडते आणि ती कोणालाही करता येत नाही. भजनी मंडळात वेगवेगळ्या लोकांना साथ करायची असेल तरच घ्या. मुंबईत दादरला हरिभाऊ विश्वनाथ यांच्यासारखी जुनी दुकानं आहेत, पुण्यातही कारागीर आहेत. शक्यतो जिथे पेटी बनते किंवा दुरुस्त होते तिथूनच घ्या, म्हणजे नंतर जायला एक ठिकाण असतं.

तपासणी अशी. सगळे स्टॉपर बंद करून भाता पूर्ण भरा आणि हात काढा. भाता भसकन बसला तर हवा गळते आहे. स्टॉपर उघडून एकही पट्टी न दाबता भाता मारा. कुठूनही बारीक सूं ऐकू येता कामा नये. मग एकेक पट्टी अगदी हलक्या हाताने दाबा. जो सूर उशिरा बोलतो, तो पुढेही त्रास देणार. शेवटी फोनवर ट्यूनर उघडा आणि मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबा. ४४० दिसायला हवं. जुन्या पेट्या बऱ्याचदा यापेक्षा चढ्या असतात; त्या तुमच्या ॲपशी किंवा इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याशी सहज जुळत नाहीत. नवी पेटी सहा महिने ते वर्षभरात एकदा सुरात आणावी लागते, त्याचे दीड ते तीन हजार. 'पहिलं ट्युनिंग मोफत' असं दुकानदार म्हणाला तर बिलाच्या मागे लिहून घ्या.

तबला-डग्ग्याच्या जोडीला शिकाऊ दर्जात ७ ते १२ हजार, चांगल्या शिसवी तबल्याला आणि तांब्याच्या डग्ग्याला १५ हजारांपासून वर. तबल्याचं तोंड पट्टीप्रमाणे: काळी एकला साधारण साडेपाच इंच, काळी चारला पाच इंच. डग्गा वजनावर विकतात, म्हणून खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. पितळेला किंवा तांब्याला ते चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि तुम्ही मुलाम्याचे पैसे देताय. पुडी हा कायमचा खर्च आहे. तबल्याची ७०० ते १,५००, डग्ग्याची हजाराच्या पुढे, चढवण्याची मजुरी आणि वादी वेगळी. दुकानदार पुडीचा भाव सांगतो, वादीचा सांगत नाही, तुम्ही विचारा. पावसाळ्यात पुडी बदलू नका, ती सैल बसते.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा ४ ते ८ हजारांत मिळतो. हाताने बनवलेल्या देशी वाद्यांना जीएसटी माफ आहे, इलेक्ट्रॉनिक यंत्राला तो लागतो. म्हणून बिलावर मिरजेच्या तानपुऱ्यावर जीएसटी लावलेला दिसला तर कारण विचारा. फोनवरचं ॲप वापरत असाल तर ॲप बदलण्यापेक्षा बरा स्पीकर घ्या. फोनच्या चिमुकल्या स्पीकरमधून खर्ज बाहेर पडतच नाही.

रेकॉर्डिंगसाठी माइक घेण्याच्या आधी खोली बघा. टाईल्सच्या मोकळ्या खोलीत दहा हजारांचा माइक फक्त घुमणं टिपतो. गाद्या, जाड पडदे, कपड्यांचं उघडं कपाट असलेल्या खोलीत फोनसुद्धा नीट काम करतो.

जुनं वाद्य निम्म्या किमतीत मिळतं आणि तानपुऱ्याच्या बाबतीत ते बऱ्याचदा नव्यापेक्षा सरस असतं. फक्त दांडीवर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिवळी भुकटी दिसली तर घरात आणू नका, ती कीड तुमच्या लाकडी सामानालाही लागते. काही दुकानदार महिन्याच्या भाड्यानेही वाद्य देतात. अनामत किती आणि परत कधी, ते लेखी घ्या.

परदेशी नेणाऱ्यांसाठी एक दिलासा. शिसवाच्या तयार वाद्यांना सायटेसच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परवान्यातून २०१९ पासून सूट आहे. तरीही बिल, लाकडाचं नाव आणि घोडी कशाची आहे हे लिहिलेला कागद सोबत ठेवा.

पैशांबद्दल आणखी दोन गोष्टी. काही दुकानांत ओळखीने आलेल्या गिऱ्हाइकामागे आणणाऱ्याला टक्केवारी मिळते. त्यामुळे पहिल्यांदा एकटे जाऊन भाव विचारा, मग जाणत्या माणसाला घेऊन जा. बयाणा चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त देऊ नका, आणि पावतीवर वाद्याचा आकार, पट्टी, घोडीचा प्रकार, तारीख आणि 'जवारीसह' हा शब्द येऊ द्या. वाद्य ठरल्यापेक्षा वेगळं निघालं आणि दुकानदार ऐकत नसेल तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. त्यातून काही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची आहे. हे सगळं पक्क्या बिलावर चालतं. 'बिल नको, हजार कमी करतो' हा सौदा तुमच्या नुकसानीचा आहे.

हातात पंचवीस-तीस हजारच असतील आणि तुम्ही गात असाल, तर पेटी पुढच्या वर्षावर ढकला. बिननक्षीचा साधा तानपुरा, नीट काढलेली जवारी आणि कापडी कव्हर एवढ्यात ते पैसे घाला.