कानांत वाजणारा नाद

वणीच्या आसपास द्राक्षांच्या मळ्यांत फवारणीचे ट्रॅक्टर तासन्‌तास चालतात. सायंकाळीं यंत्र थांबलें तरी चालविणाऱ्याच्या कानांत कधीं कधीं शिट्टीसारखा, रातकिड्यासारखा आवाज राहतो. ह्यास कर्णनाद म्हणतात. ही भूतबाधा नव्हे.

कानाच्या आंत शंखाकृति पोकळी आहे. तींतील सूक्ष्म केसाळ पेशी ध्वनीची वार्ता मेंदूकडे पोंचवितात. मोठ्या आवाजानें त्या मेल्या म्हणजे मनुष्याच्या अंगीं पुन्हां उत्पन्न होत नाहींत. ८५ डेसिबल आवाजांत दिवसास ८ तास ही मर्यादा समजतात. पुढें दर ३ डेसिबलांस वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलांत अवघीं १५ मिनिटें! वरातींत डीजेपुढें नाचणाऱ्या तरुणांनीं हा हिशेब अवश्य करावा. मोजण्याचें यंत्र नसलें तरी दोन हातांवरील मनुष्याशीं ओरडून बोलावें लागलें, कीं आवाज घातक समजावा.

कापसाचा बोळा पुरत नाहीं. कानांवर घट्ट बसणारीं संरक्षक टोपणें घालावींत. कानांत कोमट तेल ओतण्याची चाल आम्हांस मुळींच मान्य नाहीं. नाद कानांतील मळानेंही येतो. तो मळ डॉक्टर काढितात. एकाच कानांत नाद राहिल्यास तपासून घ्यावें. अकस्मात ऐकूं येईनासें झाल्यास मात्र त्याच दिवशीं दवाखाना गांठावा. अशा वेळीं उपचारास उशीर झाला तर ऐकणें परत येण्याची आशा कमी होते.