कॉफी वाळविणें व सांठविणें

कॉफीची सावली, छाटणी व खत यांविषयीं बागायतदारांत पुष्कळ चर्चा होते. परंतु फळ खुडल्यापासून पोतें शिवेपर्यंतच्या दोन-तीन आठवड्यांकडे अनेकांचें दुर्लक्ष होतें, आणि मालाची किंमत बहुधा तेथेंच उतरते. १९४२ च्या कॉफी कायद्याखालीं बहुतेक माल कॉफी बोर्डाच्या सामायिक सांठ्यांत द्यावा लागे. तें बंधन टप्प्याटप्प्यानें सैल होऊन १९९६ सालीं विक्री पूर्णपणें खुली झाली. तेव्हांपासून भाव येईपर्यंत माल घरीं राखण्याची मुभा मिळाली, तशी तो बिघडूं न देण्याची जबाबदारीही बागायतदाराच्याच माथीं आली. पुढील माहिती कोडगू व चिकमगळूरकडील रीतीस धरून आहे. मेळघाटांत चिखलदऱ्यास जी थोडी कॉफी होते तिलाही ती लागू पडेल.

ताजें फळ सोलून, चिकट गर धुऊन, दाणा आंतील टरफलासह वाळविला म्हणजे त्यास बाजारांत पार्चमेंट म्हणतात. फळ सबंध वाळविलें म्हणजे चेरी. पार्चमेंटला भाव अधिक, पण सोलण्याचें यंत्र, मुबलक पाणी व सांडपाण्याची सोय हवी. एक-दोन एकरांच्या धन्यानें चेरीच करावी असें आमचें मत आहे. अर्धवट धुतलेल्या पार्चमेंटपेक्षां नीट वाळलेली चेरी केव्हांही पत्करली.

लाल पिकलेलीं फळेंच खुडावीं. चुकून आलेलीं हिरवीं व झाडावर सुकलेलीं फळें वेगळीं काढावीं. खुडलेला माल रात्रभर गोणींत दडपून ठेवल्यास ऊब धरून आंबतो, म्हणून त्याच दिवशीं पसरावा.

खळ्याविषयीं विशेष सांगणें आहे. आपल्याकडे ज्वारीचें खळें शेणानें सारवितात व त्यांत कांहीं वावगें नाहीं, कारण कणीस खळ्यावर येतें तें बहुतेक वाळलेलेंच असतें. कॉफीच्या ताज्या फळांत मात्र शेंकडा ६० हून अधिक पाणी असतें. असें ओलें, गोड फळ सारवणावर पडलें कीं माती, वास व बुरशी तिन्ही त्यास लागतात. फरशी किंवा सिमेंटचें अंगण हवें. तें नसेल तर मांचणावर जाळी ताणून तीवर वाळवावें. थर सुमारें ३ इंचांचा असावा, तो तासातासानें दंताळ्यानें वरखालीं करावा, आणि सायंकाळीं दंव पडण्यापूर्वीं ढीग करून झांकावा. स्वच्छ उन्हांत चेरी १२ ते १५ दिवसांत वाळते.

मूठभर चेरी कानाजवळ हलविली असतां दाणे खुळखुळतात, ही वाळल्याची खूण सर्वश्रुत आहे. पण तेवढ्यावर पोतें शिवूं नये. खुळखुळ सुरू झाल्यावरही गाभ्यांत ओल राहूं शकते. आम्ही जन्मभर दफ्तरांत वावरलों म्हणून असेल, परंतु आमचा भरंवसा तराजू व वही यांवर अधिक. पहिल्या दिवशीं १० किलो फळ जाळीच्या पिशवींत भरून त्याच थरांत ठेवावें व थराबरोबर हलवीत जावें. रोज दुपारीं ठराविक वेळीं तें तोलून वजन लिहावें. फळांत शेंकडा ६५ पाणी धरलें तर कोरडा अंश साडेतीन किलो. शेंकडा ११ ओल राहिली म्हणजे पिशवी ४ किलोंच्या किंचित् खालीं भरेल. रोबस्टा चेरीस ११ व अरेबिका चेरीस साडेदहा हें प्रमाण मानलें जातें. फळांतील पाणी सारखें नसल्यानें आंकडा थोडा मागेंपुढें होईल. म्हणून लागोपाठ तीन दिवस वजन घटलें नाहीं म्हणजे माल वाळला असें धरावें. मात्र हे तीन दिवस कडक उन्हाचे हवेत. ढगाळ हवेंतही वजन घटत नाहीं, आणि पुष्कळजण तेथेंच फसतात. उलट, फाजील वाळविल्यानें वजन जातें व दाणा कांडतांना फुटतो.

कोठीविषयीं थोडक्यांत. चेरी विक्रीपर्यंत सालीसकटच ठेवावी. गोणी नव्या व कोरड्या असाव्या. खताच्या किंवा औषधाच्या कदापि नसाव्या, कारण कॉफी कोणताही वास चटकन् घेते. त्या लांकडी फळ्यांवर, जमिनीपासून वीतभर उंच व भिंतीपासून हातभर दूर रचाव्या. १९९० सालीं निलगिरींतील गुडलूरकडे प्रथम आढळलेला फळ पोखरणारा भुंगेराही नीट वाळलेल्या मालांत वाढत नाहीं. मंगळूरकडे पावसाळी वाऱ्यावर मुद्दाम फुगविलेली कॉफी नांवाजलेली आहे खरी. पण तें कसबी लोकांचें काम असून घरच्या ओलसर कोठीचें समर्थन त्यानें होत नाहीं. पावसाळ्यांत दर आठवड्यास गोणींत हात घालून पहावें. ऊब किंवा कुबट वास लागल्यास ती गोणी त्याच दिवशीं बाहेर काढावी, आणि तींतील दाणा चांगल्या मालांत मिसळूं नये.